दुसऱ्या फॉर्मची पट्टी

लाल ठिपके भोकांत बसत नव्हते. एखाददुसरा बसत होता, तोही आपला चुकून. बाकीचे सगळे पुठ्ठ्याखाली दडले होते. त्याने पट्टी उचलली, कागदाच्या कडेला कड लावून पुन्हा ठेवली, चारी कोपरे अंगठ्याने दाबले. तरी तेच. टेबलापलीकडून नव्या बाई कौतुकाने वाकून बघत होत्या, आणि डोक्यावरचा पंखा फार जोरात फिरतोय असं त्याला एकदम वाटायला लागलं. "काय झालं, सर?" बाईंनी विचारलं. "काही नाही. जुनी झाली हो पट्टी. पुठ्ठा आकसतो," तो म्हणाला. छत्तीस वर्षं पुठ्ठ्यांत काढलेला माणूस. पुठ्ठा असा आकसत नाही हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

आज त्याचा नोकरीतला शेवटचा दिवस होता. सोमवारपासून सगळं कॉम्प्युटरवर जायचं होतं आणि त्याची जागा नव्या बाई घेणार होत्या. व्यवसाय मार्गदर्शन केंद्र असं नाव भारदस्त, पण कारभार दोन खोल्यांचा: बाहेर लांब बाक, आत त्याचं टेबल आणि पट्ट्यांचं कपाट. शाळा संपत आलेली मुलं यायची आणि एकशे ऐंशी जोड्यांची पत्रिका सोडवायची. तुम्हाला काय आवडेल: झाडांना पाणी घालणं की पत्रं लिहिणं? यंत्र उघडून बघणं की आजारी माणसाशी गप्पा मारणं? दोहोंपैकी एकावर गोल करायचा, दोन्ही आवडत नसले तरी करायचा. मग तो भोकं पाडलेली पट्टी उत्तरांवर ठेवायचा, भोकातून गोल दिसला की लाल पेन्सिलीने ठिपका द्यायचा, ठिपके मोजायचा, आणि सहा प्रकारच्या कामांच्या सहा उभ्या काड्यांचा आलेख काढून कागद मुलाच्या हाती द्यायचा. सगळ्यात उंच काडी ते तुझं काम. शाळाशाळांतून त्याला पट्टीवाले सर म्हणत, आणि हे नाव त्याला आवडायचं. आज शिपाईमामा सकाळपासून पट्ट्या पोत्यात भरत होते. "सर, ह्याचं काय करायचं? रद्दीवाला पण घेणार नाही, भोकं आहेत म्हणेल," असं मामा म्हणाले तेव्हा तो मोठ्याने हसला होता. आणि नव्या बाईंनी, बिचाऱ्यांनी भलेपणाने, "मला एकदा दाखवा ना सर, तुम्ही कसं करायचात," असं म्हटलं तेव्हा त्याला हुरूप आला होता. खालच्या खणात त्याने एकच सोडवलेली पत्रिका अठरा वर्षं जपून ठेवली होती. तीच त्याने काढली, समोरची पट्टी तिच्यावर ठेवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"कुणाची पत्रिका आहे?" बाईंनी विचारलं होतं. "आहे एका मुलीची," तो म्हणाला होता.

पत्रिकेच्या डोक्यावर छापलेलं अक्षर त्याला दिसलं. ब. पत्रिकेचे दोन फॉर्म होते, अ आणि ब; जोड्यांचा क्रम वेगळा, म्हणून प्रत्येकाची पट्टी वेगळी. हातातली पट्टीही ब ची होती, म्हणजे बरोबर होती. मग त्याने मामांच्या पोत्यात हात घातला, अ फॉर्मची पट्टी शोधून काढली आणि उत्तरांवर ठेवली. शेंगेत दाणे बसावेत तसे सगळे ठिपके भोकांत बसले. एकही बाहेर राहिला नाही. बाई काहीतरी बोलत होत्या, कॉम्प्युटरला हे तीन सेकंदांत जमतं असं काहीसं, आणि तो मान हलवत होता. अठरा वर्षांपूर्वी त्याने ब ची उत्तरं अ च्या पट्टीने तपासली होती. भलत्याच भोकांतून भलतेच गोल बघितले होते. आणि त्यावरून काढलेली काडी स्वतःच्या मुलीच्या हातात दिली होती.

आता ती घरी होती. चौतीस वर्षांची, दोन बॅगा घेऊन तीन महिन्यांपूर्वी आलेली, दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसणारी. लहानपणी ती एकटीच रांग धरून चालल्यासारखी भिंतीच्या कडेकडेने चालायची म्हणून तिचं नाव मुंगी पडलं होतं, ते अजून घरात चालत होतं. अकरा वर्षं ती विम्याच्या कचेरीत दावे तपासायची. कुणाचं छप्पर उडालं, कुणाची गाडी ठोकली, कुणाचा हात गेला. आलेले कागद आकड्यांशी जुळवायचे आणि मंजूर की नामंजूर ते लिहायचं. कामात चोख. वरिष्ठ तिचं नाव घेऊन दुसऱ्यांना ओरडायचे. आणि एका दुपारी ती एकच ओळ अडीच तास वाचत बसली. शेजारच्या टेबलावरच्या बाईने खांद्याला हात लावला तेव्हा ती म्हणाली, "मला ह्यातलं काही वाचता येत नाहीये." डोळे तपासले, डोकं तपासलं. काही निघालं नाही. डॉक्टरांनी सुट्टी सांगितली आणि चिठ्ठीवर एकच वाक्य लिहिलं: रोज आवडीची एक गोष्ट करावी. ती चिठ्ठी तिने फ्रीजवर चिकटवली आणि खाली एक कोरा कागद लावला, केलेल्या गोष्टी लिहायला. कागद अजून कोराच होता. रोज सकाळी दूध काढताना त्याला तो दिसायचा आणि रोज तो मनाशी म्हणायचा, आज लिहील.

दुपारी बाई जेवायला गेल्या तशी त्याने दार लोटून घेतलं आणि ब च्या पट्टीने पत्रिका नव्याने तपासली. लाल नको म्हणून निळी पेन्सिल घेतली. हात सवयीचा होता, ठिपके नीटच पडले. तेव्हाच्या काड्या त्याला पाठ होत्या. सगळा आलेख सपाट, जमिनीलगत, आणि आकडे व नोंदी ही एकच काडी बोटभर वर. इतका सपाट आलेख कुणा परक्याच्या पोराचा निघाला असता तर त्याने पट्टी पुन्हा लावून बघितली असती. पण तो आठवडा घाईचा होता, एकामागून एक शाळा होत्या, आणि घरच्या जेवणाच्या टेबलावर तो तपासत होता. शिवाय मुंगीने अ चा फॉर्म लहानपणापासून पाहिलेला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर ती चित्रं काढायची. तेव्हा न्यायाने वागायचं म्हणून मुद्दाम तिला ब दिला. फॉर्म बदलला आणि हात मात्र सवयीने अ च्या पट्टीकडे गेला. प्रामाणिकपणाच्या नादात चूक करावी असं नशीब त्याचंच. निळे ठिपके मोजून झाले. माणसांचं काम, म्हणजे शिकवणं, समजावणं, वाट दाखवणं: तीसपैकी एकोणतीस. त्याने पुन्हा मोजले. एकोणतीस. एवढा आकडा त्याने सबंध नोकरीत कुणाचा पाहिला नव्हता. सोळाव्या वर्षी कुणाला स्वतःची एवढी खात्री नसते. त्याचा स्वतःचा, प्रशिक्षणात काढलेला, अठ्ठावीस होता.

पत्रिका आणि दोन्ही पट्ट्या पिशवीत घालून तो लवकर निघाला. "सर, शेवटचा दिवस आणि अर्धी रजा?" मामा म्हणाले. "छत्तीस वर्षांत पहिलीच, मामा," तो म्हणाला, आणि हे खरं होतं की काय याचा विचार करत जिना उतरला. बस न घेता तो चालत राहिला. चौकात कुणीतरी रस्ता खणला होता, लोक फळ्यांवरून एकेक करून जात होते, आणि त्या फळीवर मधोमध उभं राहून त्याला वाटलं, मागे फिरावं, पत्रिका पोत्यात टाकावी, मामा पोतं बांधतील, संपलं. कुणाला कळणार होतं? मागच्या माणसाने "चला की राव" म्हटलं तेव्हा तो पुढे झाला. तिला माझंच काम हवं होतं. हे वाक्य त्याच्या मनात आलं आणि दुखतादुखता कुठेतरी गोडही लागलं, आणि त्या गोडीची त्याला लाज वाटली. एकोणतीस! पोरीला बापासारखं व्हायचं होतं, आणि बापानेच तिला दाव्यांच्या ढिगात नेऊन बसवलं. तिने ती खोली भरून टाकली असती, मुलांशी बोलली असती. सोमवारी नव्या बाई बसतील त्या खुर्चीत ती असती. दुकानांच्या काचांतून तो स्वतःला जाताना बघत होता, पिशवी छातीशी धरलेला एक म्हातारा.

निकाल सांगितला ती संध्याकाळ त्याला आठवली. बायको तेव्हा होती. ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मुंगी हात पुसून टेबलाशी येऊन बसली होती, शाळेच्या कपड्यांतच. त्याने काडीवर पेन्सिल टेकवून सांगितलं, "आकडे आणि नोंदी. काडी उंच नाही, पण एकच आहे, म्हणजे गोंधळ नाही." ती काडीकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." एवढंच. बरं म्हणणारी मुलगी घरात असली की बापाला आपलं सगळं बरोबरच चाललंय असं वाटतं. ती आत गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, तिलाच विचारा ना एकदा, तुला काय करायचंय म्हणून." तो हसला होता. "डॉक्टर ताप बघायला थर्मामीटर लावतो. पेशंटला विचारत नाही, तुला ताप किती हवाय." हे वाक्य तो पालकांच्या सभांतही टाकायचा, हशा पिकायचा. बायको हसली नव्हती. तिने चादरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं होतं आणि दोघांनी मिळून घडी घातली होती. बायको जाऊन चार वर्षं झाली, आणि ते वाक्य तिच्यासमोर मागे घ्यायची सोय आता उरली नव्हती.

आणि पुस्तिका! 'कामाचं समतोल आयुष्य: बारा सूचना'. केंद्राने छापलेली, त्याने लिहिलेली. जेवणाच्या सुट्टीत टेबलावर जेवू नका. कामाचा कागद घरी आणू नका. आठवड्यातली एक संध्याकाळ रिकामी ठेवा, एक छंद ठेवा, रोज थोडं चाला, नाही म्हणायला शिका. लोकांना सांगायचं ब्रह्मज्ञान. मुंगी आली त्या दिवशी बॅग रिकामी करताना ती पुस्तिका निघाली होती, कोपरे झिजलेली, टाचणीची भोकं पडलेली. कचेरीतल्या टेबलासमोर तिने ती अकरा वर्षं लावली होती. बाराही सूचनांपुढे पेन्सिलीची बरोबरची खूण होती. ती जेवायला बाहेर जायची. चालायची. बुधवारची संध्याकाळ मोकळी ठेवायची आणि मातीची भांडी करायला शिकायची, कारण छंद पाहिजे. सगळं केलं होतं तिने. तेव्हा त्याला कळलंच नव्हतं की मग हे असं झालं कसं. आज वाटलं, कळलं. पाया चुकला होता, वरचा मजला कितीही सारखा करा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पट्टी चुकली होती, बस्स. एकदा हे कबूल केलं की सगळं सुटेल असं त्याला वाटायला लागलं आणि त्याचे पाय जरा भराभर पडू लागले.

ती खिडकीशीच होती. समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उन्हाचा शेवटचा पट्टा होता, तो बघत असावी, किंवा काहीच बघत नसावी. "लवकर आलात," ती म्हणाली. त्याने पिशवी टेबलावर ठेवली, चपला काढायच्या राहिल्या. "मुंगे, माझ्या हातून एक चूक झालीय. मोठी." ती वळली. तिच्या चेहऱ्यावर अकरा वर्षांत मुरलेला तो भाव आला, दावा घेऊन आलेल्या माणसाला बसा म्हणण्याचा. त्याने पत्रिका पसरली, अ ची पट्टी लावून दाखवली, मग ब ची. लाल ठिपके, निळे ठिपके. सांगताना त्याचा आवाज वर्गात असायचा तसा झाला, त्याने तो खाली आणला. तिने पट्टी स्वतःच्या हातात घेतली, कडेला कड लावली, दोनदा बघितलं. "खरंच की," ती म्हणाली. "कागदपत्रं पुरेशी आहेत. दावा मंजूर करायला हरकत नाही." आणि ती किंचित हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. त्याला रडू आलं. "माफ कर गं. तुला माझं काम हवं होतं आणि मी तुला भलतीकडेच धाडलं. एकोणतीस आहेत. एकोणतीस! मी आंधळ्यासारखा..."

"नाही हो, बाबा."

"अगं, आकडाच आहे ना समोर."

"आकडा तुमचा आहे तो," ती म्हणाली. तिने पत्रिका जवळ ओढली आणि पहिल्याच जोडीवर बोट ठेवलं. "मी प्रत्येक जोडी वाचायचे आणि म्हणायचे, इथे बाबा कशावर गोल करतील? मग त्यावर करायचे. तुम्ही समोर बसून पेपर वाचत होतात. मला वाटलं, निकाल बघून तुम्हाला काय आनंद होईल." तिचं बोट जोड्यांवरून खाली सरकत गेलं. "चांगलंच जमलं होतं म्हणायचं मला. तुमचे अठ्ठावीस होते ना? एक चुकला फक्त."

खाली कुणीतरी गाडीचं दार आपटलं.

"आणि मग तुम्ही ती काडी दाखवलीत," ती पुढे म्हणाली, अगदी साध्या आवाजात, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तशी. "मला वाटलं, मी पकडले गेले. एवढं तुमच्यासारखं लिहूनसुद्धा पट्टीला आतलं कळलंच. आतून मी आकड्यांचीच. तुम्हीच म्हणायचात ना, माणूस खोटं बोलतो, पट्टी बोलत नाही. म्हणून मग बरं म्हटलं." तिने पट्टी बाजूला सरकवली. "कचेरीत पहिली दोन वर्षं फार जड गेली. तेव्हा मी स्वतःला समजवायचे, तुला हे आवडतं, तुला माहीत नाही इतकंच."

तो खुर्चीवर बसला. अठरा वर्षांपूर्वीच्या त्या टेबलाशी तो पेपर वाचत होता हे त्याला आता स्पष्ट दिसलं. पेपराच्या वरून दिसणारं तिचं डोकं, गोल करण्याआधी दर वेळी ती क्षणभर मान वर करून त्याच्याकडे बघायची. त्याला वाटलं होतं, पोरगी किती विचार करून लिहितेय. घरी येताना त्याने केवढी मोठी चूक पिशवीत घालून आणली होती, आणि ती तर चुकांतली सर्वांत धाकटी निघाली. दोन्ही पट्ट्या टेबलावर पडल्या होत्या. कुठलीही लावली असती तरी खाली त्याचंच तोंड होतं.

"मग तुला काय करायचं होतं?" त्याने विचारलं. विचारताना त्याच्या लक्षात आलं, हा प्रश्न तो पहिल्यांदा विचारतोय. हजारो मुलं त्या बाकावर बसून गेली, आणि पहिल्यांदा.

"तेव्हा?" ती म्हणाली. "तेव्हा होतं काहीतरी. आई निकालाच्या आदल्या दिवशी केस विंचरताना विचारत होती. मी म्हटलं, थांब, बाबांचा निकाल येऊ दे, मग सांगते." तिने फ्रीजकडे बघितलं. "डॉक्टरांनी ते लिहून दिल्यापासून रोज इथे बसून तेच आठवतेय. आईला काय सांगणार होते? खिडकीतून ऊन येत होतं ते आठवतं. फणी आठवते. ते नाही आठवत, बाबा." आणि आता तिचा आवाज फुटला. तिने हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं, सोळा वर्षांची असताना पुसायची तसंच. तो उठला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. सांगण्यासारखी एकही सूचना त्याच्याजवळ नव्हती. आईला माहीत असेल असंही म्हणायची सोय नव्हती, कारण तिलाही ते कुणी सांगितलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्याने दिवा लावला, चपला काढल्या, गॅसवर पातेल्यात पाणी ठेवलं आणि दोन अंडी हातात घेतली. "उकडू की..." असं तो म्हणाला आणि थांबला. उकडू की तळू. चहा की कॉफी. खिडकी उघडी की बंद. तिच्या जन्मापासून तो तिच्यापुढे दोन दोन गोष्टी ठेवत आला होता आणि याला विचारणं समजत होता. त्याने अंडी परत वाटीत ठेवली. "तुला काय खावंसं वाटतंय?"

"करा काहीही. तुम्ही खाल तेच."

"माझं राहू दे. तुला."

तिने त्याच्याकडे मान वर करून बघितलं, क्षणभर, त्याच्या चेहऱ्यावर काही लिहिलंय का ते शोधल्यासारखं. त्याने चटकन तोंड फिरवलं आणि गॅसकडे बघत राहिला. पाण्याला उकळी आली. झाकण थडथडायला लागलं. त्याने गॅस बंद केला.

"सांगते," ती मागून म्हणाली. "थांबा जरा."

"थांबलोय," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून तसाच उभा राहिला. पातेल्यातलं पाणी हळूहळू निवत गेलं.